लाल खिडकी आणि गणपतआबांचा गोल

"कॉम्प्युटर म्हंजे काय वाघ हाय व्हय? दोन दिवसांत माणसाळवतो!" हंबीररावांनी अख्ख्या शिवाजी पेठेला सांगून ठेवलं होतं. साल दोन हजार सहा. तालमीच्या शंभरीची स्मरणिका निघणार होती, तिचं काम त्यांच्याकडं होतं, म्हणून तालमीचा कॉम्प्युटर त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात येऊन बसला होता. पहिलंच काम त्यांनी झोकात केलं. तालमीच्या फुटबॉल संघातले जुने खेळाडू गणपतआबा यांना घरी बोलावून, कॉम्प्युटरला जोडलेला माईक पुढ्यात ठेवून त्यांच्या आठवणी भरून घेतल्या.

आणि आबांनी बॉम्बच टाकला की!

दार ओढून घेत आबा म्हणाले, "हंबीर, एक्कावन्न सालच्या फायनलचा गोल माझा न्हवं. तुझ्या बाचा. गर्दीनं मला खांद्यावर घेतलं आन् मी गप बसलो. आजवर गपच हाय."

हंबीररावांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांचे वडील आकाराम मरेपर्यंत सांगत होते, 'गोल माझा,' आणि पेठ हसत होती. पेठेबरोबर हंबीररावही हसले होते! आता रविवारी तालमीत सगळ्यांपुढं आबांचाच आवाज ऐकवायचा, बापाचा गोल बापाला द्यायचा. त्यांनी माईक पंच्यात गुंडाळून कपाटात ठेवला, कुलूप घातलं, किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली.

दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर जुन्या फुटबॉलचे फोटो शोधताना पडद्यावर लालभडक खिडकी उघडली. 'धोका! तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहेत. काढायचे का?' असं इंग्रजीत लिहिलेलं. खाली होय आणि नाही.

"बघ, किती भला माणूस!" हंबीरराव बायकोला, झुंबरबाईंना म्हणाले. "आपल्या घरात चोर शिरलाय म्हणून सांगाय आलाय. त्याला न्हाय म्हणून दार लावू?"

"अवं, पर ह्यो हाय कोण?"

"पावणं हाय की!"

दाबलं 'होय'. दुसरी खिडकी आली. 'होय'. तिसरी आली. तिलाही 'होय'! शेवटी चारशे बारा व्हायरस निघाले आणि खिडक्या लग्नातल्या वऱ्हाडासारख्या आत यायला लागल्या. एक घालवली की चार हजर!

त्यांनी जयसिंगपूरला लेकीला फोन लावला. मोना ओरडली, "बाबा, त्या खिडक्या खोट्या असत्यात! कशालाच होय म्हणू नगासा!"

"अगं, पर विचारत्यात किती अदबीनं!"

मोनानं कपाळावर हात मारला, तो फोनवरही ऐकू आला.

मग गल्लीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या संग्रामला बोलावणं गेलं. तो पडद्याकडं बघून हसला. "काका, हे असं निघायचं न्हाय. सगळं पुसून नव्यानं टाकाय लागतंय. आत काय ठेवण्यासारखं हाय का? का सगळं उडवू?"

हंबीरराव चहात साखर ढवळत होते. ठेवण्यासारखं तर कपाटात होतं, कुलपात!

"व्हय की! उडव!"

तासाभरात कॉम्प्युटर नव्या नवरीसारखा लखलखीत झाला. हंबीररावांनी शनिवारी कपाट उघडलं, पंचा सोडला, माईक जोडला. आवाज नाही. हलवून बघितला. कानाला लावला. संग्राम परत आला.

"काका, आवाज माईकात नसतोय. आत असतोय."

"आत म्हंजे कुठं?"

"आपण उडवलं न्हवं का, त्यात."

हंबीररावांनी माईक उलटापालटा करून बघितला. टेपरेकॉर्डरमध्ये सगळं एकाच डब्यात राहायचं हो! आणि आता स्वतःच्या तोंडानं सांगावं, तर लेकानं बापाची तळी उचलली म्हणून पेठ पुन्हा हसणार. सांगायला पाहिजे ते आबांनीच.

संग्रामनं यंत्र खांद्यावर घेतलं आणि दोघं आबांच्या घरी गेले. आबांना एकटं गाठायचं होतं; पण मशीन आलंय कळल्यावर घर गच्च भरलं. आबांची बायको धोंडुबाई, लेक, सुना, शेजारी! धाकटा नातू तर आबांच्या मांडीवरच चढला. माईक सुरू झाला. आबा रंगात आले. एक्कावन्न साल आलं, फायनल आली, शेवटची पाच मिनिटं आली.

आबा थांबले. त्यांनी नातवाकडं बघितलं. मग हंबीररावांकडं बघितलं, आणि नजर खाली घातली.

"...आन् मग म्या हाणला गोल!"

टाळ्यांनी पत्रा हालला. धोंडुबाई कौतुकानं म्हणाल्या, "खरं न्हवं का ओ, हंबीरराव? तुमचं वडील बी हुतंच की मैदानात!"

हंबीररावांनी आबांकडं बघितलं. समोर म्हातारा बसला होता, मांडीवर नातू टाळ्या पिटत होता. पेठेत एवढ्या माणसांत म्हाताऱ्याला खोटं पाडायची रीत नाही.

"व्हय की," हंबीरराव म्हणाले.

बाहेर पडताना आबांनी त्यांचा हात गच्च धरला. बा, चुकलं माझं, दुसऱ्यांदा चुकलं, असं म्हणत हंबीरराव मान खाली घालून घरापर्यंत चालत आले.

संग्राम मात्र आता शहाणा झाला होता. पुन्हा घोटाळा नको म्हणून त्यानं आबांची ती मुलाखत त्याच दिवशी तीन सीड्यांवर उतरवून ठेवली. तिन्ही अजून झकास वाजतात!