तांडेलकाकांचा चौथा हिस्सा

आमच्या विमानात बसण्याआधी मासळी तोलायच्या काट्यावर उभं राहावं लागतं. हा नियम सरकारचा नाही, तांडेलकाकांचा. काटा त्यांच्या दातिवरे गावच्या, मासळी विकणाऱ्या बहिणीचा. कितीही धुतला तरी सुक्या बोंबलांचा वास जात नाही. आकडा बघून काका विचारतात, "काल जेवलात का साठा भरलात? वजन वाढलं का पेट्रोल वाढलं!"

माझ्या बायकोने तो काटा बघितला आणि विमानाचं नाव टाकलं. "बासष्ट किलो वाचले," काका म्हणाले. अंदाज अचूक होता, हे मी घरी सांगितलेलं नाही.

विमान जुनं, दोन सीटचं. गुजरातच्या हद्दीपलीकडे एका फ्लाइंग क्लबात उभं असतं. मालक चार: बोईसरचे एक डॉक्टर, पुठ्ठ्याचे खोके बनवणारे पाटील, मी आणि काका. उडवायचं लायसन्स आम्हा तिघांकडे. काका कारखान्यात मेंटेनन्सला होते. निवृत्तीनंतर त्यांनी चौथा हिस्सा घेतला, पण आत कधी पाय ठेवला नाही.

दुरुस्तीवर सही क्लबचा इंजिनियर करतो. बाकी कारभार काकांचा. हँगरचं भाडं, विमा, वार्षिक तपासणी, सगळं तोंडपाठ. "उडलं तरी खर्च, बसलं तरी खर्च," हे पालुपद. एकदा डॉक्टर इंजिन चालू ठेवून फोनवर पेशंटला पथ्य सांगत बसले. काका लांबून ओरडले, "डॉक्टर, इंजिनाचे तास मोजून हायेत! त्याला सांगा, भात खा नि फोन ठेव!"

तास खरंच मोजलेले होते, आणि यंदा ते भरत आले. इंजिन सगळं खोलून नव्यासारखं करावं लागणार होतं. खर्च ऐकून पाटील म्हणाले, "विकून टाकू." डॉक्टरांनी मान डोलावली. मीही डोलावली.

काका म्हणाले, "माझ्या हिश्शाचे मी डबल देतो."

पेट्रोलच्या थेंबासाठी भांडणारा हा माणूस! डॉक्टरांना राहवेना. "काका, तुम्ही तर उडतही नाही. मग कशासाठी?"

काका टेबलावरचं प्लास्टिक हाताने सरळ करत राहिले. मग म्हणाले, "बायको गेली तवापासून रविवार लय मोठा झालाय. तुमी सकाळी दारात गाडी आणता. उशीर झाला म्हणून हा पाटील शिव्या घालतो. बरं वाटतं."

विकण्याचा विषय तिथेच संपला. डबल पैसेही कोणी घेतले नाहीत.

इंजिन वर्कशॉपला गेलं. पुढच्या रविवारी करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी आम्ही तिघे सालवडला त्यांच्या दारात गेलो. काका बनियनवरच बाहेर आले.

"इंजिन नाय, मग तिकडं जाऊन करायचं काय?"

"बाकीचं विमान आहे ना," पाटील म्हणाले. "चला, आधीच उशीर केलात."

काका शर्ट घालून आले. डॉक्टरांनी गाडीतली पुढची सीट काकांना दिली आणि स्वतः मागे माझ्याशेजारी येऊन बसले.  तलासरी येईपर्यंत काका नुसते खिडकीबाहेर बघत होते, आणि आम्हीही त्यांना बघू दिलं.