कमी कराचं गाव

भोईर नानांशी कुणाची ओळख करून दिली, की ते नाव-गाव नंतर विचारत. "तुमच्याकडं घरपट्टी किती बसते?" हा त्यांचा पहिला प्रश्न. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला बेळगावहून मंडळी आली, तेव्हा शेजारी म्हणून नानाही येऊन बसले. मुलाचे वडील पत्रिकेचं बोलत होते. नाना मध्येच म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. तुमच्या गावात सायकलला कराचा बिल्ला लागतो का?" लग्न जमलं. पण हे गृहस्थ ठीक आहेत ना, असं सोयरे मला पुढे वर्षभर विचारत होते.

नाना जकात नाक्यावर कारकून होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा त्यांच्या मनाने घेतलं, की उरलेलं आयुष्य सर्वांत कमी कराच्या गावी काढायचं. "गुरुजी, जल्मभर मी लोकांकडून कर घेतला. तो कसा टोचतो ते मला ठावं हाय," ते मला म्हणत. मी शाळामास्तर असल्यामुळे गावोगावच्या करांची माहिती मला पाठ व्हावी अशी त्यांची अपेक्षा असावी.

माहिती मिळवायला नाका सोयीचा होता. परराज्यातला ट्रक आला की नाना पावतीपुस्तकावर हात ठेवून चौकशी सुरू करत. मागे गाड्यांची रांग पार धामणकर नाक्याच्या चौकापर्यंत लांबायची. ड्रायव्हर हात जोडायचा, "बाबूजी, पर्ची फाडो ना!" आणि नाना शांतपणे म्हणायचे, "पहले बोलो, उधर पानी का टैक्स साल का है, या महिने का?"

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी तक्ता आखला होता. एकेक गाव त्यात यायचं आणि शेऱ्याच्या रकान्यात मार खायचं. गोवा असा बाद झाला: "तिथं दारू स्वस्त. मी पीत न्हाय. म्हंजे सवलत दुसऱ्याला आन् कर मला." बलसाडवर उलटा राग. "तिथं दारूबंदी. सरकारचं तेवढं उत्पन्न बुडालं. ते भरून कुनाच्या खिशातून काढनार? आपल्याच!" बेळगावचे कर त्यांना पसंत होते, पण म्हैसूरचं कर्नाटक झालं तरी गाव कुणाचं हा वाद मिटला नव्हता. "आज ह्यांना कर भरला, आन् उद्या त्यांनी मागितला तर?"

मला हसू यायचं. एकट्या माणसाला काहीतरी नाद हवाच, असंही वाटायचं. त्यांची बायको मी त्या आळीत राहायला येण्याआधीच वारली होती. एकुलती एक लेक, कमल, नवसारीला दिलेली. बाबांनी आपल्याजवळ येऊन राहावं म्हणून ती पत्रांमागून पत्रं पाठवत होती.

नाना निवृत्त झाले आणि त्याच पावसाळ्यात तापाने आडवे पडले. आठ दिवस आम्ही आळीपाळीने त्यांना पेज दिली. कमल येऊन रडली. बरे झाल्यावर नानांनी तक्ता पुन्हा काढला आणि नवसारीची बेरीज सर्वांत कमी निघाली. मीही तपासून पाहिली. दारूबंदी तिथंही होतीच, पण एवढ्या कमी बेरजेपुढे आता तो शेरा टिकेना.

घराला गिऱ्हाईकही तयार होतं. पलीकडच्या लूमवाल्या बशीरभाईंना आणखी चार माग टाकायचे होते. त्यांनी भाव चांगला दिला. "बस, कागद साफ कर दो, नाना." घर नानांनी बायकोच्या नावावर घेतलं होतं. तिचं नाव काढून स्वतःचं लावायचं, एवढा एक अर्ज राहिला.

माझं अक्षर बरं म्हणून एका रविवारी दुपारी त्यांनी मला अर्ज लिहायला बोलावलं. मजकूर ते सांगत होते, कचेरीतल्या माणसाला शोभेल असा, न अडखळता. "सदर घर माझी पत्नी यमुनाबाई हिचे नावे असून ती मयत झाल्याने तिचे नाव कमी करून..." इथे ते थांबले. मी लेखणी वर धरून बसलो. शेजारचे माग खडखडत होते.

"गुरुजी, सात वर्सं झाली. मी पालिकेला कळवलंच न्हाय," ते म्हणाले.

जकातीची पावती दोनदा तपासणारा हा माणूस!

"वर्साला घरपट्टीचं बिल येतं. शिपाई दारात हुबा ऱ्हातो आन् मोठ्यानं वाचतो, सौ. यमुनाबाई धर्मा भोईर! मी आतनं सांगतो, हायत, घरात हायत. ह्या दारात तिला नावानं हाक मारनारा दुसरा कोन ऱ्हायलाय?"

इतकी वर्षं मी ज्या तक्त्याला हसत होतो, त्यातली सगळी गावं ह्या माणसाने न जाण्यासाठीच तपासली होती, हे मला तेव्हा कळलं. मला माझीच लाज वाटली.

नानांनी डोळे पुसले आणि अर्ज बाजूला सारून माझ्यासमोर पोस्टकार्ड ठेवलं.

"कमलला लिवा. म्हनावं, नवसारीला सिनेमाच्या तिकिटावर लई कर हाय. मला झेपनार न्हाय."

नाना कधी सिनेमाला गेल्याचं मला तरी आठवत नव्हतं. मी तसंच लिहिलं.