लाभ, दोन, तीन

लिफ्टमध्ये शिरलं की दळवी सर फर्मावतात, "लाभ मजला!" नवा माणूस बावचळतो. मग आमच्यापैकी कुणीतरी पहिल्या मजल्याचं बटण दाबतं.

पुलांचे हादरे मोजून त्यांचं दुखणं शोधणारं आमचं ऑफिस घोडबंदर रोडला आहे. दळवी सर तिथले सगळ्यात जुने इंजिनीअर, मूळचे राजापूरकडचे. 'एक' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही. गावाकडे धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दोन, तीन. सरांनी हा नियम चहापासून रजेच्या अर्जापर्यंत सगळीकडे लावलाय. "लाभ दिवस रजा" वाचून एचआरची पोरगी माझ्याकडे धावत आलेली, "ये कौनसी लीव्ह है यार?"

मी तेव्हा प्रोबेशनवर होते. गणिताचं अवजड सॉफ्टवेअर पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेतून चालवायचं काम माझ्याकडे होतं. पायथनने हादऱ्यांचे आकडे पाठवायचे, सॉफ्टवेअरने गणित करून दुखरा खांब सांगायचा, पायथनने रिपोर्ट काढायचा. माझ्या रिपोर्टात पाचवा खांब आला. साइटवर बघतात तर पाचवा ठणठणीत, तडा चौथ्याला! मॅनेजर म्हणाला, "उद्यापर्यंत चूक शोध, नाहीतर कन्फर्मेशन विसर." मी रडकुंडीला आले.

सरांनी खुर्ची ओढली आणि कोड वाचला. "अगं, ते सॉफ्टवेअर आपल्यासारखं लाभपासून मोजतं. तुझा पायथन शून्यापासून. सॉफ्टवेअरने चार म्हटलं, की पायथनचं बोट पाचव्यावर! चारातून लाभ वजा कर." मी केला. चौथा खांब आला. कोडमध्ये त्या ओळीशेजारी त्यांनी शेरा लिहिला: 'शून्य म्हणजे लाभ.' मॅनेजरला मात्र "पोरीने स्वतः शोधलं" असं सांगून मोकळे झाले. माझी नोकरी टिकली ती ह्या थापेमुळे, हे मी आजही सगळ्यांना सांगते.

कन्फर्म झाल्यावर पेढे घेऊन वर्तकनगरला त्यांच्या घरी गेले. काकूंना जाऊन दोन वर्षं झालेली, हे तिथे कळलं; ऑफिसात सर कधी बोललेच नव्हते. ते कुकर लावत होते. वाटीभर तांदूळ ओतून म्हणाले, "लाभ." आणि डब्याचं झाकण लावलं.

"सर, इथे तरी एक म्हणा की," मी चेष्टेत म्हटलं.

"तसं म्हटलं की तिथंच संपतं गं. लाभ म्हटलं, की पुढे अजून कुणीतरी आहे असं वाटतं."

मी पेढे ओट्यावर ठेवले, डबा उघडला आणि वाटी भरून कुकरमध्ये ओतली.

"दोन," मी म्हटलं.