मिश्र चापूत चाललेली डिस्क

शेषगिरीरावांचा कॉम्प्युटर चालू केल्याकेल्या ‘टक् टक् किर्र, टक् टक् किर्र’ असा आवाज करू लागला, तेव्हा दुसऱ्या कोणीही आधी त्याचं बटण बंद केलं असतं. शेषगिरीरावांनी मांडीवर ताल धरला.

यात त्यांची चूक म्हणावी, तर निम्म्या तंजावूरची म्हणावी लागेल. तिथल्या मेल वीदी नावाच्या रस्त्यावरच्या त्या घरात जे वाजेल त्याची परीक्षा आधी लयीत व्हायची. इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर घेताना दुकानदार गॅरंटी सांगत होता आणि शेषगिरीराव त्याला हाताने गप्प करून दगडाची चाल ऐकत होते. त्यांची बायको राजम गायची. ते स्वतः पाटबंधारे खात्यातले, आणि गळाही तसाच, खात्याला शोभेल असा. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात मांडलेल्या बाहुल्यांच्या पायऱ्यांपुढे ते उत्साहाने बायकोबरोबर गाऊ लागले. राजमने ओळ संपू दिली आणि आल्यागेल्यांसमोर अगदी गोड आवाजात म्हटलं, “तुम्हीं ताल धरा. गाणं मीं बघतें.”

तेव्हापासून शेषगिरीरावांनी गाण्यासाठी तोंड उघडलं नाही. ती गायची, ते ताल धरायचे. संसारही साधारण असाच झाला. आता ती गेली होती आणि हाताला काम उरलं नव्हतं. रिकाम्या घरात संध्याकाळी तो हात कधी खुर्चीच्या दांडीवर, कधी नुसताच हवेत पडायचा.

कॉम्प्युटर उघडायचं कारण होतं मुलीचा, विनुताचा फोन. ती कॅनडात. पोटची पोर तान्ही, आणि काही केल्या झोपत नव्हती.

“अप्पा, अम्माचं तें तालाट्टु पाठवा कीं,” ती म्हणाली. तालाट्टु म्हणजे अंगाई. विनुताला घरची मराठी सगळी कळते, बोलताना मात्र मधे तमिळ येऊन बसते.

ती अंगाई राजमला ओरत्तनाडूच्या आत्याकडून मिळालेली, अस्सल घरच्या मराठीतली. देवनागरी घरात कोणाला लिहिता येत नव्हती, त्यामुळे ती कुठे उतरवून ठेवलेली नव्हती. आत्याही गेली, राजमही गेली. विनुताने एका सुट्टीत ती राजमच्या आवाजात या कॉम्प्युटरात भरून ठेवली होती, तेवढीच काय ती शिल्लक. म्हणून दर सरस्वतीपूजेला कॉम्प्युटरला चंदनकुंकू लागायचं आणि पुढे वर्षभर तो राजमने शिवलेल्या झालरीच्या खोळीत निजून असायचा.

“तुम्हांला येत नाहीं कां, अप्पा? इतकी वर्षं ऐकलांत.”

“मला ताल येतो,” शेषगिरीराव म्हणाले.

आणि आता खोळ काढली, बटण दाबलं, तर पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं आणि आतून ‘टक् टक् किर्र’. शेषगिरीरावांनी बरोबर मोजलं: आधी तीन, मग चार. सात मात्रांचा मिश्र चापू ताल. त्यांनी लगेच फोन केला तो कॉम्प्युटरवाल्याला नव्हे, तिरुवैयारुला मृदंग शिकवून निवृत्त झालेल्या चिदंबररावांना.

चिदंबरराव बस पकडून आले. कॉम्प्युटरला कान लावून त्यांनी डोळे मिटले. वैद्य नाडी बघतो तशी त्यांची मुद्रा झाली.

“बिघडला म्हणून कोण सांगितलं?” ते म्हणाले. “लय बघ. केसभर इकडेतिकडे नाहीं. शेषू, जें लयीत आहे, तें धडधाकट आहे.”

“मग गाणं कां उघडत नाहीं?”

“उघडेल. आधीं रंगूं दे.”

हे निदान शेषगिरीरावांना मनापासून पटलं. या घरात त्याच्यावर अपील नव्हतंच. शेजारच्या वेंकूबाई कॉफी घेऊन आल्या, त्या तिथेच बसल्या. चिदंबररावांनी मांडीवर तकिट तकधिमि असे मृदंगाचे बोल सुरू केले. शेषगिरीराव डोळे मिटून ताल धरून डोलू लागले. राजम गेल्यापासून त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. चिदंबररावांनी तो सोहळा फोनमध्ये टिपला, ‘निर्दोष लय’ असं लिहून सगळ्या शिष्यांना पाठवला, आणि कौतुकाने विनुतालाही. जेवणं झाली, दुपारची कॉफी झाली, कॉम्प्युटर वाजतच होता. मग एकदाच, ताल पुरा न करताच, तो ‘टक्’ म्हणून थांबला.

चिदंबररावांचा हात हवेतच राहिला होता.

मग धावाधाव झाली. वेंकूबाईंची सून साईप्रिया कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, तिला बोलावलं. तिने डबा उघडला, डिस्क बाहेर काढली, आपल्या मशीनला लावून पाहिली, पुन्हा पाहिली.

“मामा, हा आवाज कधींपासून होता?”

“सकाळपासून. मिश्र चापू,” चिदंबरराव अभिमानाने म्हणाले.

साईप्रियाने सासूकडे पाहिलं, सासूने कॉफीच्या पेल्यांकडे. मग साईप्रियाने शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं की आतली सुई चकतीवर आपटत होती आणि जिथे आपटत होती तिथे भरलेलं सगळं खरवडून जात होतं. लगेच बंद केला असता तर कदाचित काही हाती लागलं असतं. आता ही टाकून द्यायची.

शेषगिरीरावांनी डिस्क टाकली नाही. राजमच्या फोटोपुढे नेऊन ठेवली. तिचा आवाज एकेक कण खरवडला जात होता आणि आपण त्यावर ताल देत होतो, हे त्यांना काही केल्या गिळवेना. चिदंबररावांची तिरुवैयारुची शेवटची बस निघून गेली, पण त्यांनी जायचं नाव काढलं नाही; ते तिथेच ओट्यावर आडवे झाले.

सकाळी कॉफी गाळत असताना विनुताचा फोन आला. कॅनडात तेव्हा पोरीला निजवायची वेळ. मुलीला काय सांगावं या विचारात शेषगिरीरावांनी फोन कानाला लावला.

“अप्पा, बाळ निजलं,” विनुता कुजबुजत म्हणाली. “कुठें सांपडलं हो तें?”

“काय सांपडलं?”

“अम्माचं गाणं. चिदंबरमामांनी पाठवलेलं.”

“त्यांत गाणं कुठलं? नुसता आवाज आहे तो.”

“अप्पा, ऐका.”

तिने लावलं. टक् टक् किर्र. आणि त्याच्याखाली एक घोगरा, बेसूर, पुरुषी आवाज, आपल्याच नादात: ‘नीज गे बाळे, कावेरीला पाणी आलं...’ एक कडवं, दुसरं कडवं, शब्द न शब्द. तिसऱ्या कडव्यात ‘मामा येईल’ म्हटल्यावर राजम नेहमी थांबून एक श्वास घ्यायची. तिथे तो आवाजही थांबला, श्वास घेतला, पुढे निघाला. शेषगिरीरावांना आधी कळेचना की हा कोण. मग कळलं, आणि हातातली कॉफी सांडली.

“तूं ऐकला होतास?” त्यांनी चिदंबररावांना विचारलं.

“मीं लय ऐकत होतों,” चिदंबरराव म्हणाले. मृदंगवाल्याला गाणारा ऐकू येत नाही, ही राजमची जुनीच तक्रार होती.

दुसऱ्या सकाळी शेषगिरीराव अंघोळ करून, गंध लावून फोनपुढे बसले आणि जन्मात पहिल्यांदा ठरवून गायले. पोर टक्क उघड्या डोळ्यांनी ऐकत राहिली. आजोबांचा सूर पाहता त्यात तिचा दोष नव्हता.

“अप्पा, तो आवाजही पाहिजे तिला,” विनुता म्हणाली. “टक् टक् किर्र.”

तेव्हापासून रोज सकाळी मेल वीदीत बैठक भरते. चिदंबरराव पहिल्या बसने येतात आणि मेलेल्या डिस्कवर कॉफीच्या चमच्याने टक् टक् करतात. ‘किर्र’साठी वेंकूबाई विळी घेऊन नारळ खवतात, नाहीतरी चटणीला लागतोच. मधे हसू नये म्हणून साईप्रियाला आत पाठवलेलं असतं.

सुरू करण्याआधी शेषगिरीराव क्षणभर थांबतात. हात सवयीने मांडीकडे जातो. ते तो उचलून घेतात, फोटोकडे बघतात आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणतात, “राजम, तूं ताल धर. गाणं मीं बघतों.”