आडवं कपाट

"उद्या बेकारी भत्त्याच्या रांगेत पहिला नंबर लुझुकोचा! बघशीलच तू!" अशी बायकोपुढे गर्जना करून लुझुकोने दुपारी तयारीला हात घातला.

तयारी जय्यत होती! काळा सूट दोरीवर वारा खात होता. कामगार कचेरीच्या दारात पहाटेच टाकायला एक घडीची खुर्ची आणली होती, तीही गल्लीतल्या मयत-भिशीचे, म्हणजे वर्गणीतून अंत्यविधीचा खर्च उचलणाऱ्या मंडळाचे, खजिनदार सिपेतू काका यांच्याकडून. "पाहुणे यायचेत," अशी थाप मारून! कारण मोटारींच्या सीटा शिवणारा कारखाना बंद पडला, हे क्वाझाखेले वस्तीत त्याने बायकोखेरीज कुणाला कळू दिलं नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन तो घराबाहेर पडे आणि बंदरावर बसून खाई. झाकली मूठ सव्वा लाखाची!

फक्त ओळखपत्र सापडेना.

"तुझ्याकडे दिलं होतं!" लुझुको म्हणाला.

"माझ्याकडे? माझ्याकडे तू आजवर नुसती धुणी दिलीस!" नोबान्तू, त्याची बायको, कडाडली.

कार्डाशिवाय कचेरीत कुणी उभं करत नाही. उद्याची भेट चुकली की पुढची महिन्याने, आणि मक्याच्या पिठाची गोणी तर आत्ताच तळ दाखवत होती. मग काय! दोघांनी झोपायची खोली उपसली. पलंग अंगणात, पेट्या अंगणात, आरसा भिंतीकडे तोंड करून. कपाट बाहेर नेऊन आडवं पाडलं, कारण त्याच्या मागच्या फळ्या दुहेरी होत्या, कार्ड मधे घसरलं असेल तर! लुझुको आत शिरून, पालथा पडून, फटीत बोटं घालू लागला. वरून दार धाडकन मिटलं, तरी त्याची शोधाशोध चालूच!

घरात नोबान्तू रिकाम्या खोलीत जमिनीवरच्या गादीवर बसली, घोंगडी खांद्यावर ओढली आणि तिला रडू फुटलं.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या मागाबा काकू उसना टोप परत करायला आल्या. त्यांनी खिडकीतून पाहिलं. पलंग बाहेर, बाई गादीवर, अंगावर घोंगडी, दोरीवर काळा सूट! आमच्याकडे गादीवर अशी फक्त विधवा बसते. काकूंनी सुतावरून स्वर्ग गाठला आणि लुझुकोला तिथे पोचवलाही!

अर्ध्या तासात अंगणात बायका जमल्या, नोबान्तूला तर कुणी बोलूच देईना. कुणी मोठी पातेली आणली, कुणी स्कोन्स पावांचं पीठ. सिपेतू काका तंबूचे बांबू घेऊन हजर! बायकांनी भजनाला सूर लावला आणि कपाटाचं दार आतून वर उचललं गेलं.

"काय गोंधळ चाललाय?" लुझुको उठून बसला.

एकच किंकाळी! दोन बायका कुंपणावरून पसार झाल्या. मागाबा काकूंच्या हातातला टोप त्यांच्याच पायावर पडला.

"अरे मेल्या, तू मेला नाहीस?"

"नाही काकू!"

"मग ही खोली? हा सूट?"

आता लपवणार काय? लुझुको कपाटात बसूनच पुटपुटला, "नोकरी गेली. उद्या भत्त्यासाठी बोलावलंय. ओळखपत्र शोधत होतो."

"हे?" सिपेतू काकांनी खिशातून कार्ड काढलं. "आईचं नाव भिशीत घालताना माझ्याकडेच विसरलास. मृत्यूच्या दाखल्याला लागेल म्हणून आणलं." त्यांनी ते त्याच्या हातावर ठेवलं आणि उसासा टाकला. "नोकरी गेली म्हणतोस? म्हणजे पुढची वर्गणी बुडाली. आज गेला असतास तर सगळं बसत होतं बघ! तंबू, जेवणाला गाय, दफनाला बस..."

कुणी हसलं, कुणी खोकलं. बायका पातेली उचलू लागल्या. मेलेलं कुणी नाही, मग बसायचं कशाला! तेवढ्यात लुझुकोचा फोन वाजला. मागाबा काकूंनी गावाकडे त्याच्या आईलाही कळवून टाकलं होतं! त्याने गडबडीत स्पीकर दाबला.

"नोबान्तू, पोरी, कसं गं झालं?" म्हातारी हंबरडा फोडत होती.

"आई, मीच बोलतोय! जिवंत आहे मी!"

"देवा रे!" म्हातारी हसली, रडली, मग तिने नाक शिंकरलं. "मग काय झालं म्हणून काकू ओरडत होत्या?"

"काही नाही आई. फक्त नोकरी गेली."

तिकडे गावी म्हातारी होती, बहिणीची तीन पोरं होती, आणि त्या घरात लुझुकोच्या पगाराशिवाय काही येत नव्हतं.

"लुझुको," अखेर ती हळूच म्हणाली, "मघाशी सगळं रडून टाकलं रे मी. थोडं राखून ठेवायला हवं होतं."

मागाबा काकूंनी उचललेलं पातेलं पुन्हा खाली ठेवलं. मग निघालेल्या बायका एकेक करून परत बसल्या.