खालच्या डोहातल्या मगरीची पाटी

एका जंगलात, मुलांनो, झाडं कमी आणि पाट्या जास्त होत्या. वारुळावर 'मुंग्या घरीच आहेत, बोट घालून खात्री करू नये' अशी पाटी होती. पोळ्याखाली 'आमचा मध शुद्ध आहे, राग त्याहून शुद्ध आहे' असं लिहिलेलं होतं. तिथे सगळ्यांना वाचता यायचं. वाचलेलं पाळायचंही असतं, एवढं मात्र त्यांच्या शाळेत शिकवायचं राहून गेलं होतं. तुमच्या शाळेत शिकवतात ना? बरं, राहू दे.

पाटी आवडली की तिच्यासमोर उभं राहून ती मोठ्याने वाचायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून पाय आपटायचे, ही तिथली दाद द्यायची रीत होती. माकडं सोडली तर टाळ्या वाजवायला हात कोणाला होते?

या पाट्या सगुणा नावाची साळू रंगवायची. स्वतःचाच गळलेला काटा रंगात बुडवून ती सुबक अक्षर काढायची. बाई कष्टाळू, पण कौतुकाची भुकेली. पाय आपटल्याचा आवाज कानावर आला की तिचे काटे आपोआप फुलायचे.

जंगलात एक ओढा होता. ओढ्यावर एक ओंडका आडवा टाकलेला होता आणि त्यालाच सगळे पूल म्हणायचे. खाली डोह, डोहात मगर. एका सकाळी सगुणा पुलावरून येत असताना तिचा पाय ओंडक्यात रुतला. लाकूड आतून भुसभुशीत झालं होतं. तिला आठवल्या शेजारच्या भिमाकाकू.

भिमाकाकू म्हणजे म्हातारी सशीण. त्यांची लेक पलीकडच्या काठाला दिलेली होती आणि नुकतीच बाळंत झाली होती. काकू रोज डिंकाचे लाडू घेऊन याच पुलावरून जायच्या.

सगुणा तडक पूल खात्यात गेली. खात्याचे साहेब कोल्हे. दाराशी हत्ती बसला होता.

"नवा ओंडका माझ्याकडे पडूनच आहे," हत्ती म्हणाला. "हो म्हणा, दुपारपर्यंत टाकून देतो."

"टाकायचाच आहे," कोल्हेसाहेब म्हणाले. "पण आधी पाटी. ओंडका काय, पायाखाली जातो. पाटी डोळ्यांना दिसते. आणि सगुणाबाई, ती पुलाच्या मधोमध लावा. दोन्ही काठांना सारखा न्याय."

सगुणाने लिहिलं, 'ओंडका कुजला आहे. जाऊ नये.' पाटी मधोमध लागली. ती वाचायला पुलाच्या मध्यापर्यंत जावं लागायचं, आणि मध्यापर्यंत गेलेला मागे कशाला फिरेल? सगळे वाचायचे, जांभई द्यायचे आणि पलीकडे जायचे.

"काकू, पाटी वाचलीत ना?" सगुणाने विचारलं.

"वाचली गं. पण त्यात वाचण्यासारखं काय आहे?" काकू म्हणाल्या. "तुझा हात हल्ली उतरलाय बघ. वारुळाची केवढी छान होती."

हे सगुणाच्या जिव्हारी लागलं. काकूंची काळजी होतीच, पण हात उतरल्याचं दुःख तिला जास्त झालं. ती दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी तिने जुनी पाटी काढली आणि नवी लावली.

'पुलावरून अवश्य यावे. आज आमच्याकडे स्वयंपाक केलेला नाही. आपली नम्र, खालच्या डोहातली मगर.'

आधी हसतील, मग दचकतील, असा तिचा हिशोब होता. ते हसले आणि तिथेच थांबले.

मग काय विचारता. ज्यांचं पलीकडे कोणी नव्हतं तेही पुलावर येऊ लागले. मोर पाटीशेजारी पिसारा फुलवून फोटो काढून घेऊ लागला. कोल्हेसाहेबांनी सगुणाला शाल दिली. मगरसुद्धा एकदा वर येऊन वाचून गेली. "माझ्या नावावर लिहिण्याआधी विचारायला हवं होतं," ती म्हणाली, "पण मजकुरात चूक काढायला जागा नाही." त्या दिवसापासून तिने खरोखरच स्वयंपाक बंद केला.

सगळ्यांत खूश होत्या भिमाकाकू. लाडवांची टोपली काखेत घेऊन त्या पुलाच्या मधोमध उभ्या राहायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाटी वाचून दाखवायच्या. "आमच्या शेजारची आहे हो ती," असंही सांगायच्या.

एके दिवशी रानडुकरांचं अख्खं बिऱ्हाड पाटी बघायला आलं. सगुणा काठावर होती. ओंडका मध्येच वाकलेला तिला दिसला.

"काकू, मागे या," ती ओरडली. "ओंडका मोडतोय."

"ऐकलंत?" काकू डुकरांना म्हणाल्या. "उभ्या उभ्या सुचतं तिला."

आणि सगळ्यांनी पाय आपटले.

डुकरं कशीबशी पोहून काठाला लागली. काकूंची टोपली पुढच्या वळणावर सापडली. लाडू भिजले होते.

सगुणा तीन दिवस बिळातून बाहेर आली नाही. चौथ्या दिवशी ती आली आणि तिने काठावर पाटी लावली. 'पूल मोडला. भिमाकाकू गेल्या.'

"जरा खुलवा की," कोल्हेसाहेब म्हणाले. ती रंगाचं भांडं उचलून बिळाकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी काठावर ही गर्दी. सगळ्यांनी पाटी मोठ्याने वाचली.

"एक शब्द जास्त नाही," मोर म्हणाला. "असं लिहिणारं हल्ली राहिलंय कोण?"

सगळ्यांनी पाय आपटले. काठाची थोडी माती डोहात घसरली. खालून मगरीने पाण्यावर शेपूट आपटून आपलीही दाद दिली. सगुणाचे काटे त्या दिवशी फुलले नाहीत. निदान ती तरी तसं सांगते.

नवा ओंडका अजून पूल खात्याच्या अंगणातच आहे. त्याच्यावर पाटी आहे, 'हा भावी पूल आहे. कृपया यावर बसू नये.' तीही सगळ्यांना फार आवडली.

तात्पर्य: पुलावरून मोजकेच जातात, पाटी सगळे वाचतात. तेव्हा पूल कुजका असला तरी चालेल, मजकूर मजबूत हवा. आणि मुलांनो, वाचून झाल्यावर पाय जोरात आपटा. आपण कशावर उभे आहोत, हे बघत बसू नका. त्याने दाद देण्यातली मजा जाते.