हातभर अचूक चंद्र

चंद्र या क्षणी नेमका कुठे आहे, हे मी तुम्हाला हातभर अचूक सांगू शकतो! माझा चष्मा कुठे आहे ते मात्र विचारू नका.

आमचं एक आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर आहे. फुकट. कोणीही घ्यावं, कोणीही बिघडवावं. बिघडवणाऱ्यांत गेली अकरा वर्षं मी आहे. दिवसा आमच्या लुकांग गावच्या पाणीखात्यात नळांचे नकाशे सांभाळतो, उरलेल्या वेळात ग्रह सांभाळतो. गळती दोन्हीकडे आहे.

यंदा प्रश्न निघाला, की ग्रहांच्या जागांचे आकडे कोणाचे घ्यायचे? छोटा जुना संच ठेवायचा, की प्रयोगशाळेतला नवा अगडबंब संच आणायचा? चार महिने चर्चा चालली. ओसाकाचे एक गृहस्थ तर फक्त इतरांचे स्वल्पविराम दुरुस्त करत होते. शेवटी सगळे दमून गप्प बसले. आमच्यात याला एकमत म्हणतात.

"सगळ्यात अचूक तोच घेऊ," मी जाहीर केलं. "वाचणारा कोड मी नव्याने लिहितो, जुना काढून टाकतो."

"जपून हं, वंग," आमचं काम तपासणाऱ्या तैपेइच्या ओउयांगबाई म्हणाल्या. "जुन्या कोडमध्ये अनुभव असतो."

"जळमटं असतात, बाई!"

जुन्या कोडमध्ये एक ओळ होती. तिच्यावर कोणीतरी लिहून ठेवलं होतं, 'हे काढू नका.' कारण दिलेलं नव्हतं. कारण न देता हुकूम सोडणारी माणसं मला ऑफिसातच पुरेशी आहेत. काढली.

आता आमच्याकडचा हिशेब असा, की अमावास्येचा नेमका क्षण ज्या दिवशी येतो, त्या दिवशी नवा महिना सुरू होतो. मी नव्या आकड्यांवर आठव्या महिन्याची अमावास्या काढली. मध्यरात्र उलटून एकोणतीस सेकंद! देवळात फुकट मिळणारं पंचांग मात्र महिना आदल्याच दिवशी सुरू करून मोकळं झालेलं. म्हणजे अख्खा महिना एक दिवस पुढे सरकणार. आणि त्या महिन्याच्या तृतीयेला आमच्या सासऱ्यांची ऐंशी!

रविवारी सासरी जेवताना मी सहज म्हणालो, "बाबा, पंचांग चुकलंय."

सासऱ्यांच्या जेवायच्या काड्या वाटीवरच थांबल्या. "कोणाचं? देवळाचं?"

"हो. तुमचा वाढदिवस एक दिवस नंतर येतो."

"तू खात्री केलीस?" माझी बायको पेइ-रोंग म्हणाली. "मोबाइलमध्येही पंचांगाचीच तारीख आहे."

"मोबाइलवाले पंचांगावरूनच उतरवतात!"

मला वाटलं, म्हातारा चिडेल. म्हातारा खुलला! देवळाच्या ज्या समितीने त्यांना चाळीस वर्षांपूर्वी वगळलं, तीच समिती पंचांग वाटते. दुसऱ्या दिवशी ते थेट देवळाच्या ओसरीवर. "माझा जावई चंद्र मोजतो! तुम्ही बसा उदबत्त्या मोजत!"

मग सगळंच सरकलं. गल्ली बंद करायची परवानगी सरकली, मांडव सरकला, वीस टेबलांची पंगत सरकली. आचारी आ-थूमास्तर माझ्यावर उखडले.

"साहेब, कोळंबी जिवंत येणार आहे! तिला काय सांगू, चंद्र उशिरा आहे म्हणून?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे, मास्तर."

"वाढदिवस आधी केलेला चालतो, नंतर केलेला चालत नाही. आयुष्य कमी होतं. एवढं तरी ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. म्हणून तर मी छातीठोक होतो! चंद्र हातभर अचूक होता.

पंगतीचा दिवस उजाडला. वीस टेबलं भरली. लाल कोटात सासरे नवरदेवासारखे बसले होते. गार पदार्थांची ताटं उठली, कोळंबी आली. तेवढ्यात माझा फोन थरथरला. ओउयांगबाई.

'वंग, तुझं काम तपासलं. ते आकडे आपल्या घड्याळाच्या वेळेत नसतात. पृथ्वी हळूहळू मंदावते, त्यामुळे फरक पडतो. सध्या एकोणसत्तर सेकंद. ते वजा करणारी एक ओळ होती. ती कुठे आहे?'

पृथ्वी मंदावते. साहजिक आहे, मीही मंदावलोय. मी बोटांवर वजाबाकी केली. मध्यरात्र उलटून एकोणतीस, वजा एकोणसत्तर. मध्यरात्रीला चाळीस सेकंद कमी. पंचांग बरोबर! वाढदिवस काल झाला. आणि आज मी चारचौघांत, भोंगा लावून, सासऱ्यांचं आयुष्य कमी करत होतो.

"पेइ-रोंग," मी कुजबुजलो, "वाढदिवस काल होता."

"मासा खा," ती म्हणाली.

"अगं, काल होता!"

"काटा सांभाळून खा."

समोर लांबच लांब शेवयांची वाडगी येत होती. दीर्घायुष्याच्या शेवया! माझ्याने बघवेना. उठून सासऱ्यांजवळ गेलो आणि कानात सगळं ओतलं. एकोणसत्तर सेकंद, पृथ्वी, ती ओळ, सगळं.

सासऱ्यांनी शांतपणे शेवया ओढल्या. न तोडता. मग तोंड पुसलं.

"जावईबापू, काल पहाटेच मी शेवया आणि लाल अंडं खाऊन घेतलंय. देवापुढे उदबत्तीही लावली."

"का?"

"तुमचं बरोबर असतं, तर काल एक दिवस आधी झालं असतं. आधी चालतं. पंचांग बरोबर असतं, तर अगदी दिवसावर. तेही चालतं." त्यांनी वाडगं पुढे केलं. "तुमच्यावर विश्वास आहे हो. पण वय ऐंशी आहे."

"पहाटे शेवया करून कोणी दिल्या?"

टेबलापलीकडे पेइ-रोंग माशाचा काटा फार लक्षपूर्वक काढत होती.

तेवढ्यात सासऱ्यांनी माइक ओढून घेतला आणि भोंग्यातून त्यांचा आवाज गल्लीभर गेला, "चंद्र मोजणारा माझा जावई!" टाळ्या पडल्या. देवळाच्या समितीतले दोघे आले होते, त्यांनीही वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला. दुसरं काय करणार?

ती ओळ मी परत घातली. आता तिच्यावर कारणही लिहिलंय. शिवाय ओउयांगबाईंनी नियम केला, की नवे आकडे घेण्याआधी ते एका विश्वासार्ह संदर्भाशी ताडून पाहायचे. तो संदर्भ सासऱ्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असतो. दर महिन्याला जाऊन मीच त्याचा फोटो काढून आणतो. चष्मा सापडला, तर.